सोलापूरची हवा हिवाळ्यात का बिघडते? माती, वारा आणि ऋतूंचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर चहूबाजूंनी मोकळं आहे, शहराला डोंगरांचा वेढा नाही, वाराही भरपूर वाहतो. मग डिसेंबर-जानेवारीत सकाळी गच्चीवरून बघितलं की शहरावर करडा थर का दिसतो? उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पुसूनही टेबलावर धूळ का बसते? आणि दमा असलेल्या आईला फिरायला नक्की कधी न्यावं? हवेचे नमुने घेणं आणि त्यांचा अर्थ लावणं हे काम मी या भागात बरीच वर्षं करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

हवा किती वाईट होणार, हे तिच्यात किती धूर-धूळ सोडली यावर अर्धंच ठरतं. ती धूर-धूळ मिसळायला किती हवा मिळाली, यावर उरलेलं अर्धं ठरतं. सोलापूरच्या रस्त्यांवर मे महिन्यात जेवढ्या गाड्या धावतात तेवढ्याच जानेवारीतही धावतात. पण मेच्या दुपारी जमिनीलगतची तापलेली हवा उसळून दोन-अडीच किलोमीटर उंचीपर्यंत ढवळली जाते आणि धुराला पसरायला तेवढी जागा मिळते. जानेवारीच्या पहाटे हीच जागा दोनशे-तीनशे मीटरवर, कधी त्याहूनही खाली येते. म्हणजे धूर तेवढाच, पण तो साधारण दहाव्या हिश्श्याएवढ्या हवेत कोंडलेला. हे एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

आता भूगोल. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहोत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तेच ढग घाट उतरून आपल्याकडे येईपर्यंत रिकामे झालेले असतात, आणि आपल्या वाट्याला सरासरी पाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस येतो, तोही बेभरवशाचा. समुद्र अडीचशे किलोमीटरहून जास्त दूर असल्यामुळे मुंबईला रोज दुपारी मिळणारा खारा वारा आपल्याला मिळत नाही. त्याच्या बदल्यात मोकळं मैदान मिळालंय. गंगेच्या मैदानात उत्तरेला हिमालय आडवा आहे, त्यामुळे तिथली घाण आठवडेच्या आठवडे तिथेच घोटाळत राहते. आपल्याकडे वारा सुटला की हवा काही तासांत मोकळी होते. दिल्लीसारखे सलग दहा-पंधरा दिवस काळवंडलेले सोलापुरात दिसत नाहीत ते त्यामुळेच, आणि हे सुदैव लहान नाही.

पण त्याच भूगोलाने दुसऱ्या हाताने माती दिली आहे. बेसॉल्ट झिजून झालेली ही काळी माती अतिशय बारीक चिकणमाती आहे. पावसात ती फुगते आणि बुटाला किलोभर चिकटते. मार्चनंतर ती आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीवरून ट्रॅक्टर आणि टमटम चार वेळा गेली की तिचा फुफाटा होतो. वर्षातले सात-आठ महिने इथली जमीन कोरडी आणि बहुतांश उघडी असते. शहरात डांबरी रस्त्याच्या दोन्ही कडांना मुरमाच्या साइडपट्ट्या असतात आणि रिकाम्या प्लॉटवर बांधकामाचा राडारोडा पडलेला असतो. जलवाहिनी किंवा ड्रेनेजसाठी खोदून मातीनेच बुजवलेले चर प्रत्येक पेठेत सापडतील. गाडीचं चाक ही धूळ दळतं आणि उडवतं, ती बसते, पुढची गाडी ती पुन्हा उडवते. आपल्या हवेतल्या दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, म्हणजे पीएम 10 चा, मोठा हिस्सा हाच आहे. कोणाच्या चिमणीकडे बोट दाखवण्याआधी आपल्या रस्त्याची कड बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता नान्नजच्या माळरानाकडे बघा. माळढोकासाठी राखलेलं ते गवताळ रान तितकंच कोरडं असतं आणि वाराही तिथे जास्त असतो, तरी तिथून शहरातल्या रिकाम्या प्लॉटसारखी धूळ उठत नाही. गवताच्या मुळांनी माती धरून ठेवलेली असते आणि वरचा कडक पापुद्रा कोणी मोडलेला नसतो. म्हणजे कोरडी हवा हा एकटा गुन्हेगार नाही. जमीन उघडी पाडणं आणि ती सतत तुडवत राहणं, यातून धूळ होते.

ऋतू ऑक्टोबरपासून मोजू, कारण हवेचं वर्ष तिथेच पालटतं. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मान्सून माघारी फिरतो. नैर्ऋत्येचा जोरकस वारा थांबतो आणि ईशान्य-पूर्वेकडून मंद वारा सुरू होतो. आकाश निरभ्र होतं, चिखल वाळून त्याची धूळ व्हायला लागते. दिवाळी नेमकी याच संधीकाळात येते. फटाक्यांचा धूर रात्री आठ ते बारा या वेळेत सुटतो, तेव्हा जमीन थंड व्हायला लागलेली असते आणि वर जाण्याची वाट बंद होत असते. एखाद्या वर्षी बंगालच्या उपसागरातून आलेली कमी दाबाची प्रणाली आपल्यापर्यंत पोचते आणि सगळं धुऊन जाते. 2020 च्या ऑक्टोबरात अशाच प्रणालीने जिल्ह्यात अतिवृष्टी केली आणि भीमेला पूर आणला. शेतीचं अतोनात नुकसान झालं. हवेपुरतं बोलायचं तर असा पाऊस धुळीचा हंगाम काही आठवडे पुढे ढकलतो.

हिवाळ्यावर जास्त लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचं मुख्य उत्तर तिथे आहे. आपली हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ असतं, त्यामुळे सूर्य मावळताच जमीन झपाट्याने उष्णता बाहेर टाकते. जानेवारीत दुपारी तापमान तिशीच्या आसपास असतं आणि पहाटे पंधराच्या आसपास किंवा खाली जातं. दिवस-रात्रीतला हा पंधरा अंशांचा फरक किनाऱ्यावर सहसा इतका नसतो. जमिनीला चिकटलेली हवा थंड आणि जड होते, तिच्या वरची हवा तुलनेने उबदार राहते. एरवी वर जावं तसं तापमान कमी होतं, इथे ते काही उंचीपर्यंत वाढतं. याला तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात. शहरावर झाकण ठेवल्यासारखी ही स्थिती असते. वाराही रात्री जवळजवळ पडलेला असतो, त्यामुळे संध्याकाळी सात-साडेसातपासून जे काही हवेत सोडलं जातं ते त्या झाकणाखालीच साठत जातं.

त्या वेळी नेमकं काय सोडलं जातं ते बघा. बाजारातून आणि कामावरून घरी जाणारी वाहतूक असते. पाणी तापवायला लाकडं आणि तुराट्या घातलेले बंब पेटतात. चौकाचौकात शेकोट्या असतात, आणि त्यात टायर, प्लॅस्टिक, थर्माकोल सगळं पडतं. पहाटे झाडून गोळा केलेला पाला कोपऱ्यावर पेटवला जातो. काही वस्त्यांमध्ये धागा रंगवणाऱ्या छोट्या युनिटचे बॉयलर चालतात. पुणे, हैदराबाद, विजयपूर आणि तुळजापूरकडून येणारे महामार्ग इथे एकत्र येतात, त्यामुळे जड वाहनंही रात्रीच जास्त धावतात. हे सगळं सकाळपर्यंत साठतं. मग सात ते नऊ या वेळेत शाळा आणि ऑफिसची गर्दी त्यात भर घालते, आणि त्याच सुमारास रस्ते कोरड्या झाडूने झाडले जातात. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण जमीन तापून झाकण फुटायला साडेनऊ-दहा वाजतात. तासागणिक आलेख काढला तर हिवाळ्यात दोन शिखरं दिसतात, एक रात्री आठ ते अकरा आणि दुसरं सकाळी सात ते नऊ. दुपारी दोन ते चार या वेळेत आकडा बराच खाली आलेला असतो. शहरात सगळीकडे हे सारखंच नसतं. थंड हवा जड असल्यामुळे ती उताराने ओढ्या-नाल्यांकडे सरकते आणि सखल वस्त्यांमध्ये धूर जास्त वेळ रेंगाळतो. तुमच्या गच्चीवरून दिसणारा करडा थर म्हणजे झाकणाखाली साठलेला धूर. त्याची वरची कड ब्रशने ओढल्यासारखी सरळ दिसते, आणि ते व्युत्क्रमण डोळ्यांनी बघण्याचं सोपं चिन्ह आहे.

गड्ड्याची यात्रा याच दिवसांत येते. सिद्धेश्वरांच्या यात्रेला लाखो लोक येतात आणि होम मैदानावर रात्री उशिरापर्यंत गर्दी असते. मकरसंक्रांतीचा काळ म्हणजे हवा सर्वात कोंडलेली, खाली पायाखालची माती आणि वर शोभेचं दारूकाम. यात्रा आपल्या जिवाभावाची आहे आणि ती व्हायलाच हवी. मैदानावर दुपारी आणि संध्याकाळी भरपूर पाणी मारलं, चालण्याच्या वाटांवर जाड मॅट टाकली, तर भाविकांच्या आणि त्याहून जास्त म्हणजे महिनाभर तिथे पाल ठोकून राहणाऱ्या दुकानदारांच्या छातीत जाणारी धूळ पुष्कळ कमी होते. पाणी मारायचं तर सकाळी एकदाच मारून भागत नाही. आपल्या कोरड्या हवेत ते दोन-तीन तासांत उडून जातं.

हिवाळ्यातली दुसरी मोठी गोष्ट ऊस. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत, तीसच्या वर. गाळप साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतं, म्हणजे हवा मिसळण्याची ताकद सर्वात कमी असते त्याच महिन्यांत. बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळणाऱ्या बॉयलरची धूळ पकडणारी यंत्रणा नीट चालली नाही तर काजळीचे हलके पापुद्रे उडतात, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर सकाळी ते दिसतात. चिमटीत धरला की पापुद्रा मोडतो आणि बोटाला काळं लागतं. लोक या पापुद्र्यांना घाबरतात, पण ते मोठे असतात आणि नाकातच अडकतात. छातीत खोल जातो तो पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळल्याचा न दिसणारा धूर. तोडणीनंतर हेक्टरी आठ ते दहा टन पाचट रानात पडतं आणि खोडवा (त्याच बुडख्यांवरचं पुढचं पीक) घ्यायच्या घाईत ते संध्याकाळी पेटवलं जातं. संध्याकाळी, म्हणजे झाकण बसायच्या वेळेला. तेच पाचट सरीत दाबून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू खत टाकलं तर रानात ओल टिकते आणि सेंद्रिय कर्ब वाढतो. आपल्यासारख्या पाण्याला महाग जिल्ह्यात हे फायद्याचंच आहे. ज्वारीचं उदाहरण आपल्याच घरचं आहे. पंजाबात भाताचा पेंढा जळतो, पण आपल्याकडे मालदांडीचा कडबा कोणी जाळत नाही, कारण त्याला जनावरांच्या दावणीत किंमत आहे. पाचटाला शेतकऱ्याच्या हातात किंमत मिळाली की ते पेटणंही थांबेल.

होटगीकडचा औष्णिक वीज प्रकल्प आणि सिमेंटचे कारखाने यांच्याबद्दल नेहमी विचारलं जातं. 1320 मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प आहे, त्याचा वाटा नाकारायचा नाही. पण त्याची चिमणी उंच आहे. रात्री तिचा धूर बहुतेक वेळा झाकणाच्या वरून निघून जातो, आणि सकाळी झाकण फुटताना त्यातला काही थोड्या वेळासाठी खाली ओढला जाऊ शकतो. सल्फर डायऑक्साइडपासून तयार होणारे बारीक सल्फेट कण मात्र लांबवर पसरतात, त्यामुळे त्यांचा परिणाम एका गावापुरता न राहता सगळ्या पट्ट्यावर होतो. शहरातल्या सात रस्ता चौकात उभं राहून घसा खवखवला तर त्याचं कारण बहुधा शेजारचा सायलेन्सर आणि रस्त्यावरची धूळ हेच असतं.

उन्हाळ्यात चित्र उलटं होतं. हवा खोलवर ढवळली जाते, बारीक कण पसरून जातात, पण जाड धूळ वाढते. उन्हाळी नांगरट झालेली रानं उघडी असतात, दुपारी वावटळी उठतात, आणि वळवाच्या पावसाआधीचा सोसाट्याचा वारा दहा मिनिटांत सगळं शहर तांबडं करून टाकतो. कधी धूळ लांबूनही येते. 2022 च्या जानेवारीत पश्चिमेकडून आलेल्या धुळीच्या वादळाने मुंबई-पुण्यापर्यंत आकाश पांढरट केलं होतं. याशिवाय मार्च ते मेच्या कडक उन्हात गाड्यांच्या धुरातल्या वायूंपासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो दिसत नाही, पण दुपारी बारा ते चार दम्याच्या माणसाला त्रास देतो.

पावसाळा सर्वात चांगला, पण आपल्याकडे त्यालाही अट आहे. जून-जुलैत वारा जोरात आणि पाऊस तुरळक. पर्जन्यछायेत दोन-तीन आठवड्यांचा खंड नेहमीचाच. त्या खंडात वरची माती सुकते आणि वारा ती उचलतो, म्हणून जुलैतही एखाद्या दिवशी पीएम 10 वाढलेलं दिसतं. सोलापूरची हवा खरी धुतली जाते सप्टेंबरमध्ये, कारण आपला सर्वात भरवशाचा पाऊस तेव्हाचा. ढग असतात पण पाऊस पडत नाही, या आपल्या जुन्या दुखण्यामुळेच पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये कृत्रिम पावसाचे शास्त्रीय प्रयोग सोलापूर परिसरात केले. हवेतले सूक्ष्म कण ढगातल्या थेंबांवर काय परिणाम करतात हाही त्या अभ्यासाचा भाग होता. हवेचा आणि पावसाचा संबंध दोन्हीकडून आहे.

हे सगळं फिल्टरच्या कागदावर साध्या डोळ्यांना दिसतं. नमुने घेण्याच्या यंत्रात आठ-आठ तासांनी कागद बदलतात आणि आधी-नंतर त्याचं वजन करतात. मेमधला कागद तांबूस-तपकिरी असतो, भिंगाखाली मातीचे दाणे वेगळे दिसतात आणि वजन भरपूर भरतं. जानेवारीच्या रात्रीचा कागद काळपट राखाडी असतो. त्यावर दाणे दिसत नाहीत, नुसती काजळी बसलेली असते, आणि वजन मेपेक्षा कमी भरलं तरी छातीला तो जास्त वाईट. म्हणून नुसत्या पीएम 10 च्या आकड्यावरून ऋतूंची तुलना करू नये. हिवाळ्यात पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा आकडा बघा.

आकडे वाचताना आणखी एक काळजी घ्या. आपल्याकडे 2009 पासून लागू असलेली मानकं अशी: पीएम 10 चोवीस तासांसाठी 100 आणि वर्षाच्या सरासरीला 60, पीएम 2.5 चोवीस तासांसाठी 60 आणि वर्षाला 40, सगळं मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेली पातळी याहून फार कडक आहे, पीएम 2.5 साठी वर्षाला फक्त 5. पीएम 10 चं मानक वर्षानुवर्षं ओलांडलं गेल्यामुळेच 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूरचं नाव आहे. मोबाइलवरची काही ॲप्स अमेरिकी मोजपट्टी वापरतात. पीएम 2.5 जर 60 असेल तर हवेच्या गुणवत्तेचा भारतीय निर्देशांक 100 येतो, म्हणजे 'समाधानकारक'ची वरची कड. अमेरिकी मोजपट्टीवर तीच हवा 150 च्या पुढे जाते. दोन ॲप्सचे आकडे जुळत नाहीत म्हणून कोणी फसवतंय असं समजू नका. शिवाय अधिकृत निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात, त्यात सकाळचं शिखर बुडून जातं. तुमच्या आईला सकाळी साडेसातला जी हवा मिळते ती त्या सरासरीत दिसतच नाही.

शहराने काय करावं असं विचाराल तर माझा आग्रह दोनच गोष्टींचा आहे. एक, जमीन झाका: साइडपट्ट्यांवर पेव्हर ब्लॉक किंवा गवत, खोदलेला चर त्याच आठवड्यात डांबराने बंद, रिकाम्या प्लॉटवर स्थानिक गवत, आणि मुरूम-वाळूच्या गाड्यांवर ताडपत्री. दोन, वेळा बदला: नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडी झाडलोट पहाटे करू नये, शक्य तिथे व्हॅक्यूमच्या गाडीने किंवा पाणी शिंपडून करावी, आणि संध्याकाळनंतर कचरा, पाला, पाचट काहीही पेटू देऊ नये. दुसऱ्या गोष्टीला पैसाही फारसा लागत नाही, म्हणून ती होत नाही याचं जास्त वाईट वाटतं.

आता आईबद्दल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटेचं फिरणं बंद करा. आपल्याकडे पहाटेची हवा शुद्ध असं मानतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ते बऱ्यापैकी खरं आहे, पण हिवाळ्यात शहरात नाही. त्या चार महिन्यांत दहानंतर किंवा दुपारी चार-साडेचारला न्या. मार्च ते मे उलट करा: सकाळी सहा ते आठ, आणि दुपारी घरात. मोठ्या रस्त्याची कड टाळा, शंभर-दोनशे मीटर आत गेलं तरी फरक पडतो. रुमाल किंवा ओढणी जाड धूळ अडवते, बारीक धूर अडवत नाही. त्यासाठी नीट बसणारा एन 95 मास्क लागतो, पण तो लावून त्यांना श्वास घ्यायला जड जात असेल तर जबरदस्ती करू नका. घरात कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. हिवाळ्यात रस्त्याकडच्या खिडक्या संध्याकाळी सहाच्या आत बंद करा आणि सकाळी दहानंतर उघडा. अगरबत्ती, धूप आणि मच्छर कॉइल त्यांच्या खोलीत नको. दम्याचा पंप आणि औषधं डॉक्टरांना न विचारता कमी-जास्त करू नका. डॉक्टरांकडे पीक फ्लो मीटर नावाचं, जोराने फुंकून श्वासाचा वेग मोजायचं साधं उपकरण मागा, थंडीचे दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ त्याचं रीडिंग वहीत लिहा, शेजारी त्याच तासाचं शहरातल्या मापन केंद्राचं पीएम 2.5 लिहा, आणि ती वही पुढच्या तपासणीला घेऊन जा.